चिठ्ठीची दुसरी ओळ

“एकच आन, बाय. पन तुज्या हातानं आन. कोनाच्या हाती धाडू नको.”

बाळीचं हे सांगणं मला नोटरीच्या बाकावर बसल्याबसल्या ऐकू आलं. ती काही तिथे नव्हती. ती वांगणीला, तिच्या घरी असणार, दोन वर्षांपासून तिचे गुडघे गाडीत चढू देत नाहीत. ती हे बोलली होती अकरा वर्षांपूर्वी, श्रावणात, जव्हारच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीला टेकून उकिडवी बसून, माझ्याकडे न बघता. तेव्हा मी “येईन” म्हटलं होतं. माझ्या मांडीवर प्रतिज्ञापत्राचं दुसरं पान होतं आणि त्यावर एक जुना फोटो छापलेला होता. त्या फोटोकडे बघताना हे आठवण्याचं काहीच कारण नव्हतं. फोटोत आमच्या ओटीवरचा पाट होता, पाटावर पळसाच्या पानात बांधलेल्या वातींच्या जुड्या होत्या, आणि सगळ्यात पुढच्या जुडीला काडीने टोचलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर माझं अक्षर. ‘मौनवात’. शाई थोडी फुटलेली. आणि त्याखाली फोटो संपत होता.

मी पान डोळ्यांजवळ नेलं. चष्मा वर करून पाहिलं. चिठ्ठीला दुसरी ओळ होती. मीच लिहिली होती, प्रत्येक जुडीवर, दिवसाला दहा-वीस चिठ्ठ्या. ‘मोबदला ठेवू नये.’ ती ओळ कागदाच्या कडेबाहेर कुठेतरी राहिली होती. मी बाळीच्या लेकीकडे, वर्षालीकडे बघितलं आणि बोट त्या कडेवर ठेवलं.

“काय काकी?” वर्षाली वाकली. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत वाकायची तिला अजून सवय झाली नव्हती. “फोटो? तो नीलेशदादानं टाकलाय. चांगला आलाय की.”

मी बोटाने पुन्हा कडेवर टोचलं. तिला कळलं नाही. कसं कळावं? वर्षाली माझ्या सगळ्या खुणा ओळखते. सकाळी स्नान केल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही, हे गेली अकरा वर्षं चाललंय, आणि त्यातली सहा वर्षं ती माझ्यासमोर बसून वाती वळतेय. कापूस संपला, वारा येतोय दार लोट, चहा ठेव, हे सगळं माझे हात तिला सांगतात. पण ‘इथे एक ओळ होती’ ही खूण आम्हाला कधी लागलीच नव्हती.

तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत वकीलसाहेबांची ती खोली. पत्र्याचं छत, कोपऱ्यात टायपिंगवाली मुलगी, टेबलावर शिक्के, लाल लाखेचा तुकडा, हिरवी फीत. वकीलसाहेब आतल्या खोलीत कोणाशी तरी जमिनीच्या सातबाऱ्यावरून मोठ्याने बोलत होते. घड्याळात दहा चाळीस. साडेअकराला ते विक्रमगडला निघणार होते आणि चारला परत येऊन पुन्हा बसणार होते. मी चारला आले असते तर माझं मौन सुटलेलं असतं. पण मीच काल संध्याकाळी वर्षालीला सांगितलं, सकाळचीच वेळ घे. का, असं तिने विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. बाकावर बसून त्या कापलेल्या चिठ्ठीकडे बघताना मात्र ते कारण माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. वकीलसाहेब विचारतात, मजकूर वाचलात का, खरा आहे का. हे मला ठाऊक होतं. हे गेले तेव्हा, वारसाच्या कागदांच्या वेळी विचारलं होतं. मौनात असले तर वर्षाली सांगणार, काकींचं व्रत आहे. मी मान हलवणार. सही करणार. तोंडाने खोटं बोलले असं मग होणार नाही.

देवा, किती दिवसांपासून मी हे जुळवत होते?

सुरुवात झाली ती वैशाखात. त्र्यंबकच्या एका पूजासाहित्याच्या व्यापाऱ्याने वर्षभराचा माल घ्यायचं कबूल केलं. पण त्याची अट, नाव नोंदलेलं पाहिजे, ट्रेडमार्क. नाशिकचा कोणी कारखानदार ‘मौन वाती’ याच नावाने यंत्रावरच्या वाती विकतो, त्यानेही अर्ज केलाय. उद्या त्याने नोटीस पाठवली तर मी कुठे पळू, असं तो व्यापारी म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. म्हणून ठाण्याच्या नीलेशला, माझ्या धाकट्या दिराच्या मुलाला फोन केला. तो हीच कामं करतो. त्याने सगळं हौसेनं अंगावर घेतलं. वर्ग चार, त्यात मेणबत्त्या आणि वाती येतात म्हणे. मला गंमत वाटली होती, सरकारने वातीलाही वर्ग दिलाय. मग त्याने विचारलं, “काकू, हे नाव केव्हापासून आहे आपलं?” आणि मी म्हटलं, “दोन हजार चौदापासून. तूच नव्हता का फोटो काढलास, दिवाळीला आला होतास तेव्हा?” तो म्हणाला, “अरे वा, म्हणजे पुरावाही आहे!” त्यात खोटं काय होतं? नाव चौदापासूनच होतं. पण वापर म्हणजे विक्री, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं ते महिन्याभरापूर्वी, ट्रेडमार्क कचेरीचा तपासणीचा अहवाल आला तेव्हा. नाशिकवाल्याने आपला वापर दोन हजार सतरापासून दाखवला होता. आमची खरी पहिली विक्री एकोणीसची. नीलेशचा फोन आला सकाळी नऊला. वर्षालीने तो माझ्या कानापाशी धरला. “काकू, बोलू नका, ऐका फक्त. चौदाला आपण विकतच होतो ना? म्हणजे थोडं का होईना, दुकानातून वगैरे? मी तसं लिहितो. काही अडचण असेल तर दुपारी फोन करा.” मी गप्प होते, कारण मी गप्पच असते. त्याने फोन ठेवला. दुपारी नैवेद्य झाला, जेवण झालं, मी भांडी विसळली, कापूस पिंजला, संध्याकाळी दिवा लावला. फोन समोरच्या फडताळावर होता. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. माझ्या गप्प बसण्याचा त्याने ‘हो’ असा अर्थ घेतला आणि मी तो घेऊ दिला.

चौदाला आम्ही एक वातही विकली नव्हती.

चौदाच्या श्रावणात बाळी पळसाची पानं घेऊन आमच्या दुकानी आली नाही. दर मंगळवारी ती यायची. हे तिच्याकडून पत्रावळीसाठी पानं घ्यायचे. दोन मंगळवार गेले. मग कोणीतरी सांगितलं, तिची पोर दवाखान्यात आहे, ताप डोक्यात गेलाय. मी पेजेचा डबा घेऊन गेले. वर्षाली तेव्हा अकरा-बारा वर्षांची, पण खाटेवर पाच वर्षांची दिसत होती. डोळे अर्धवट उघडे आणि त्यांत काही नाही. डॉक्टर बिचारा तरुण होता, तो बाळीला समजेल अशा भाषेत सांगायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ती भाषा येत नव्हती. बाळी ऐकत नव्हतीच. वांगणीच्या बाईला मुलं जातात म्हणजे काय हे कोणी सांगावं लागत नाही. तिची आधीची दोन ब्याण्णव-त्र्याण्णवच्या त्या कुपोषणाच्या वर्षांत गेली होती, एकाच पावसाळ्यात. हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. यांनी सांगितलं होतं. वर्षाली ही उतारवयातली, त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले आणि माझ्या हातून काहीच होण्यासारखं नव्हतं, म्हणून मी मनात बोलले. लाख वाती करीन. मौनात करीन. त्यातली एकही माझ्या देवापुढे लावणार नाही, मागेल त्याच्या देवापुढे लागेल, आणि एकीचाही मोबदला घेणार नाही. ही पोर उठू दे.

हे मी कोणाला सांगितलं नाही. नवस सांगायचा नसतो. पण बाहेर व्हरांड्यात येऊन बसले तेव्हा बाळी म्हणाली, “देवाशी बोल्लीस ना? त्वांड दिसतं बाय तुजं.” मग ती म्हणाली, “तुज्या देवाला काय द्याचं तं दे. माज्या वाघोबाला एक वात दे. एकच आन, बाय. पन तुज्या हातानं आन. कोनाच्या हाती धाडू नको.” आणि थोड्या वेळाने, “आलीस तं जेऊन जा.” मी म्हटलं, येईन.

नवव्या दिवशी वर्षालीने पाणी मागितलं.

त्यानंतर चौदा महिने लागले लाख व्हायला. बाळी आपणहून येऊन बसू लागली. तिला मोजता येत नव्हतं, म्हणून शंभर झाल्या की मी एक चिंचोका तिच्यापुढे करायची आणि ती तो मडक्यात टाकायची. हजार चिंचोके. मडकं अजून देवघराखाली आहे. नीलेशने पुरावे मागितले तेव्हा ते माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू आलं. सरकारला चिंचोके कसे पाठवायचे? लोक वाती न्यायला यायचे, पैसे ठेवायचे, मला तेव्हा बोलता यायचं नाही, म्हणून चिठ्ठी. सगळी वस्ती मग त्याला मौनवात म्हणू लागली. आम्ही दोघी ओटीवर बसायचो, तिचा हात माझ्यापेक्षा भरभर. ती मुकाट असायची, पण माझ्यासारखी व्रत म्हणून नव्हे, तिला सकाळी बोलायलाच आवडायचं नाही. चहा झाला की ती आपला पेला स्वतः विसळून ओटीच्या कोनाड्यात पालथा घालायची. तो पेला मी वेगळा ठेवलेला नव्हता. तिनेच तो तिथे ठेवायला सुरुवात केली, आणि मी एकदाही तो उचलून आत, बाकीच्या पेल्यांत नेला नाही. मी वांगणीला गेले नाही. पहिल्या वर्षी रस्ता वाहून गेला होता. दुसऱ्या वर्षी चातुर्मास. मग यांची तब्येत. वावरपर्यंत गाडी जाते, तिथून चालत, असं बाळी दरवर्षी एकदा सांगायची, रस्ता सांगितल्यासारखं, आठवण केल्यासारखं नाही. खरं कारण मला ठाऊक होतं. जेवून जा, असं ती म्हणाली होती. मी बाहेर पाणीसुद्धा घेत नाही. शिरपामाळला वर्षालीबरोबर स्टॉल लावायला जाते तेव्हाही पिशवीत माझी बाटली आणि माझा डबा असतो.

“आक्का, या,” वकीलसाहेब आतून आले. “काय म्हणतंय तुमचं मौन?”

“काकी बारापर्यंत बोलत नाहीत,” वर्षाली म्हणाली.

“माहितीये की सगळ्या गावाला. आमच्या सौभाग्यवतींना शिकवा म्हणतो मी हे व्रत. बारापर्यंत नको, नऊपर्यंत चालेल.” टायपिंगवाली मुलगी हसली. “बरं, आणा बघू.”

मी टेबलासमोरच्या खुर्चीत बसले, वर्षालीने पानं त्यांच्यापुढे ठेवली. ते भरभर वाचत गेले, ओठ हलवत. “सदर चिन्हाखाली… ऑक्टोबर दोन हजार चौदापासून… अखंड विक्री… बरोबर. हा फोटो. ही पावती एकोणीसची. बरं आहे, चिकाटी आहे तुमची.” मग त्यांनी मान वर केली. “वाचलंत? मजकूर खरा आहे?”

‘अखंड विक्री’. ते शब्द त्यांच्या तोंडून आले आणि मला वाटलं, कोणीतरी आमच्या ओटीवर चढून पाटावरच्या जुड्या उलटसुलट करून भाव विचारतंय. ज्या वर्षी दिल्या त्या वर्षी त्या विकल्या होत्या, असं आज लिहून दिलं तर ते दान राहिलंच कुठे? अकरा वर्षांपूर्वी देवाने एक गोष्ट दिली आणि मी लाख वाती दिल्या. आता मी सरकारी कागदावर लिहून देणार की वातींचे मला पैसे मिळाले होते. मग त्याला मी दिलं काय? आणि जे त्याने दिलं, ते… मी वर्षालीकडे बघितलं नाही. तिचे पाय सुजलेत. परवा नर्सबाईने रक्तदाब पाहून कपाळाला आठी घातली होती. मी त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक जास्तीची माळ ओढते आणि कशासाठी ते मनातही म्हणत नाही.

पण सही केली नाही तर? त्र्यंबकचा व्यापारी नाशिककडे जाणार. आमच्या चौदा बायका आहेत. त्यांतल्या नऊ जणी वातींमुळेच दोन वर्षं घरी राहिल्यात. नाहीतर दिवाळी झाली की वीटभट्टीच्या मुकादमाचा टेम्पो येतो आणि पाडे रिकामे होतात. वर्षालीचा नवरा तुषार तर भट्टीवरच वाढलेला. त्याने म्हटलंच आहे, काम नसलं तर दोघं जाऊ, बाळंतपण काय तिथंही होतं. कुडाच्या झोपडीत, भिवंडीकडे कुठेतरी. लिहून दिलं तरी तिलाच धोका, नाही दिलं तरी तिलाच. मान हलवायची एवढंच होतं. मान हलवली की ते शिक्का मारणार. माझी मान ताठ झाली होती.

यांची ती सकाळ आठवली. एकोणीसचा माघ. सातला ते जागे झाले आणि म्हणाले, “आज कोणता वार गं?” मी चार बोटं दाखवली. गुरुवार. ते माझ्या बोटांकडे बघत राहिले, जणू अजून काही सांगेन. मग म्हणाले, “बरं.” नऊला गेले. मी जाऊन शेजारच्यांचं दार वाजवलं, तेही न बोलता, आणि त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. नैवेद्य त्या दिवशी झालाच नाही, त्यामुळे मौन कधी सोडायचं ते मला समजेना. मी संध्याकाळपर्यंत रडलेसुद्धा आवाज न करता. लोक म्हणाले, काय धीराची बाई. एक शब्द. गुरुवार. तो मी दिला नाही. त्यानंतर कधीतरी वर्षालीने आपणहून म्हटलं, काकी, दुकान बंद झालंय, लाख वाती झाल्यात, आता या वाती विकू, पाड्यावरच्या बायांना काम होईल. आणि मी हो म्हटलं. ते विकणं सरळ होतं. त्यात काही चुकल्याचं मला कधी वाटलं नाही.

“आक्का?” वकीलसाहेबांनी घड्याळ बघितलं. “नुसती मान हलवलीत तरी चालेल.”

तेवढ्यात वर्षाली “आई गं” म्हणाली आणि टेबलाची कड धरून खाली बसली. बाकावर नव्हे, जमिनीवरच. एक हात पोटावर. तिचा चेहरा पांढरा झाला, दवाखान्यातल्या खाटेवर होता तसा. मी उठले, खुर्ची मागे पडली.

“विकल्या नव्हत्या!”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सकाळचा माझा आवाज कसा असतो ते मी विसरले होते. घोगरा, मोठा. टायपिंगवाली मुलगी थांबली. वर्षालीने पोटावरचा हात तसाच ठेवून वर बघितलं, आणि तिच्या तोंडावर दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

“काकी,” ती म्हणाली, “लाथ मारली त्यानं. बस. तुम्ही बोललात.”

“चौदाला विकल्या नव्हत्या,” मी वकीलसाहेबांना म्हटलं. आता थांबता येईना. “एकही नाही. वाटल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, मोबदला ठेवू नये. ती ओळ कापलीय या फोटोत. विक्री एकोणीसपासून. तसं लिहा.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “मग हे काय लिहून आणलंत?”

वर्षालीने नीलेशला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी “नीलेश” अशी हाक मारली. तो म्हणाला, “काकू, अकरा वाजून पाच मिनिटं झालीत. तुम्ही बोलताय?”

“बोलतेय. नीलेश, फोटो तू कापलास?”

“जागा पुरत नव्हती काकू… म्हणजे, हो. कापला. तुमच्याचसाठी ना! अहो, कोण बघतंय? अकरा वर्षांपूर्वी चार जुड्यांचे पाच-दहा रुपये घेतले असतीलच की. फुकट वाटलं म्हटलं तर वापर धरतील याची खात्री नाही. नाशिकवाला सतराचा आहे. उद्या मुदत संपते. नाव जाईल.”

“पूर्ण फोटो लाव. वाटल्या असं लिही, विक्री एकोणीसपासून लिही. मग जायचं तर जाऊ दे.”

“तुमचं हे असंच,” तो हताशपणे म्हणाला. “काका पण असेच होते. ठीक आहे. टायपिंगवालीला फोन द्या, मी सांगतो. वाद घालून बघू, वाटप म्हणजेही वापर असं म्हणून बघू. आशा धरू नका.”

मी फोन त्या मुलीला दिला आणि वळले. वर्षाली अजून जमिनीवरच होती, पाय लांब करून. मी हात पुढे केला. तिने धरला नाही.

“जाऊ दे म्हणता,” ती हळू म्हणाली. “कोणाचं जाऊ दे, काकी? तुम्हाला दोन वेळचं आहे. घर आहे. रोशनी, गोदी, कोंडी, त्यांना जाऊन सांगू मी, काकींच्या देवाला चाललं नाय म्हणून टेम्पोत बसा? मी भट्टीवर गेले त तुमचा देव येल का विटा उचलाय?”

तिच्या बोलण्यात एवढी घरची भाषा मी कधी ऐकली नव्हती. बारावी झालेली, माझ्यासमोर नेहमी शाळेतलं मराठी बोलणारी पोर. वकीलसाहेब आतल्या खोलीत निघून गेले, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. मी तिच्याजवळ खाली बसले. नवस सांगायचा नसतो. पण मौन गेलंच होतं, आता राखायचं काय राहिलं होतं?

“त्या वाती मी तुझ्यासाठी केल्या होत्या,” मी म्हटलं. “तू खाटेवर होतीस. विकल्या असं लिहून द्यायचं म्हणजे…” पुढचं मला बोलता आलं नाही. तिच्या पोटाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

ती बराच वेळ पायाच्या सुजेवर बोट दाबत राहिली. खळगा पडायचा, भरायचा.

“ठाव आहे मला,” ती शेवटी म्हणाली. “आयनं सांगितलंय. लग्नाच्या आधी. म्हणाली, तुजी काकी लाख देऊन बसली पन एक बाकी ठेवलीन.” ती हसली नाही. “मी म्हटलं, जाऊ दे आय, त्यांना नाय जमत आपल्याकडं. आय म्हणाली, जमल.”

टायपिंगवाली मुलगी पुन्हा टकटक करू लागली. वर्षालीने टेबलाची कड धरली आणि आपणच उठली. “लिहा जे लिहायचं ते. त्र्यंबकवाल्याला मी फोन करते, नाव ठरेपर्यंत बिननावाचा माल घेतोस का विचारते. घेईल नायतर नाय. बायांना मी सांगेन. पण आयला मी नाय सांगणार. नाव तिचं बी आहे, हजार चिंचोके तिनं टाकलेत. नाव जाणार आहे ते तिला तुम्ही सांगा. फोनवर नाय.”

नवा कागद आला. मी प्रत्येक ओळ वाचली. ‘विनामूल्य वाटप’ असं एका ठिकाणी आणि खाली ‘विक्री’, पाच वर्षांच्या अंतराने. वकीलसाहेबांनी पुन्हा विचारलं, मजकूर खरा आहे? मी म्हटलं, “हो.” त्यांनी शिक्का मारला, फीत लावली, आणि जाताना म्हणाले, “आवाज चांगला आहे की तुमचा.” बाहेर उन्हात वर्षाली माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. रिक्षात बसताना तिने माझी पिशवी घेतली आणि आपल्या पायाशी ठेवली, पण घर येईपर्यंत बोलली नाही.

बाराला मी नैवेद्य दाखवला. आज सोडायला मौन नव्हतं. देवापुढे हात जोडले आणि माफी मागायची तर कशाची ते नेमकं सुचेना. नवस फेडल्यापासून बारापर्यंतचं मौन मी नेमक्या कोणासाठी पाळत होते, हेच मला नीट आठवत नव्हतं. ओटीवर बाळीचा पेला कोनाड्यात पालथा होता. दोन वर्षांची धूळ त्याच्या बुडावर होती. मी तो घासला आणि आत, फडताळात, माझ्या पेल्यांच्या रांगेत ठेवला. मग कापसाचा एक पेळू घेतला, भस्माचं बोट लावलं आणि एक वात वळली. रस्त्यावर ट्रॅक्टर जात होता, शेजारी टीव्ही लागलेला होता, माझ्या तोंडात आपोआप काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, नामही नव्हे, नुसतं बोलणं. बाळीला काय आणि कसं सांगायचं ते. वात चांगली वळली गेली, मध्ये जाड, टोकाला बारीक. पळसाचं पान सुकं होतं म्हणून पाणी शिंपडून मऊ केलं, त्यात ती ठेवली, काडी टोचली.

वावरची गाडी पावणेदोनला सुटते. वाहकाने विचारलं, “कुठं?” मी म्हटलं, “वावर. पुढं वांगणीला चालत जायचंय.”

“लांब आहे आजी. ऊन आहे. पाणी घेतलंय का?”

“तिथं मिळेल,” मी म्हटलं.

पिशवीत ती पानाची पुडी एवढीच होती. तिला चिठ्ठी लावली नव्हती.